हुस्कूरच्या जत्रेतली हलगी

बंगळुरूहून होसूर रस्त्याने निघावं, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती मागे टाकाव्यात, की आनेकल तालुका येतो. याच तालुक्यात हुस्कूर. मार्च-एप्रिलच्या सुमारास इथे मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते. आसपासच्या गावांतून शंभर फुटांहून उंच रथ बैल नि ट्रॅक्टर जुंपून ओढत आणतात.

रथापुढे तमटे वाजतं. गोल कड्यावर ताणलेलं कातडं, हातात दोन काड्या. अहो, ही तर आपली हलगी! कन्नडमध्येही तिला ‘हलगे’ म्हणतातच. आपल्याकडे ती मातंग समाजाच्या हाती, इकडेही दलित वस्तीच्याच. देवीला वाद्य हवं, वादक मात्र देवळाबाहेर, अशी जुनी रीत. वाजवणं ही कला नव्हती, गावाने लादलेलं काम होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

१९७०च्या दशकात दलित चळवळीने हेच वाद्य मोर्चात आणलं. १९७५ मध्ये सिद्धलिंगय्यांचा ‘होलेमादिगर हाडु’ हा संग्रह आला आणि त्यातली गीतं लोकांच्या तोंडी बसली. २०२३ मध्ये तर चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातले तमटेवादक मुनिवेंकटप्पा यांना पद्मश्री मिळाली.

आता जत्रांत सिनेमाच्या चालींवरची देवीची गाणी लाउडस्पीकरवर लागतात. हलगी त्यात बुडेल, अशी हळहळ ऐकू येते. मला तेवढी वाटत नाही. सुपारी ठरवून येणारा वादक नकारही देऊ शकतो, हे मोठंच आहे.

जत्रेला गेलात तर रथांपासून दूर उभे राहा. मार्च २०२५ मध्ये वादळी वाऱ्यात इथे रथ कोसळून जीवितहानी झाली होती. हलगी लांबूनही ऐकू येते.