बाबांचं ग्रीस

मागचा ब्रेक धरायला लागला की गाडी लगेच ओरडत नाही. आधी ती नुसती जड होते. न्यूट्रल करून सोडली तर पूर्वी जिथवर जायची त्याच्या अलीकडेच थांबते. पेट्रोल थोडं जास्त लागतं. मग एक दिवस जळक्या लायनरचा वास येतो, आणि तोवर ड्रम हात लावू देत नाही इतका तापलेला असतो.

बाबांना हे वासाच्या फार आधी कळायचं. दादाने किंवा मी गाडी अंगणात आणून लावली की ते पडवीतून उठून यायचे आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ड्रमना पालथा हात लावून बघायचे. मागचा कोमट लागला तरी म्हणायचे, "धरतोय गं बाय." मग आम्ही किती दमून आलोय, जेवायची वेळ झालीय का, हे काही नसायचं. गाडी डबल स्टँडवर चढायची आणि ते चाक हाताने फिरवून कान लावायचे. लायनर घासल्याचा तो बारीक आवाज मला पुष्कळ उशिरा ऐकू यायला लागला.

शेलूच्या गाड्यांना हा आजार होणारच. वांगणी आणि नेरळच्या मधलं हे गाव. 1856 साली खोपोलीपर्यंत गेलेल्या रेल्वेच्या एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी आणि मध्ये भातखाचरं. जूनपासून चार महिने रस्त्यावर चिखल असतो आणि तो चाकांच्या आरपार उडतो. हल्ली इमारतींची कामं सुरू झाल्यापासून उरलेले आठ महिने सिमेंटची आणि खडीची धूळ. ड्रम बंद असतो खरा, पण ब्रेकचा आर्म ज्या दांड्यावर बसतो तो दांडा प्लेटमधून बाहेर आलेला असतो, आणि तिथूनच पाणी आत शिरतं.

तो दांडा म्हणजे कॅम. सगळा खेळ त्याचा. पॅडल दाबलं की रॉड ओढला जातो, रॉड आर्मला फिरवतो, आर्म कॅमला. कॅम आडवा होऊन दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला टेकतात. पाय काढला की दोन छोट्या स्प्रिंगांनी शू मागे ओढायचे आणि कॅमने मुकाट्याने मूळ जागी यायचं. त्याच्या भोकात गंज आणि चिखल साचला की पायाच्या जोराने तो फिरतो, पण स्प्रिंगांच्या जोराने परतत नाही. बऱ्याच गॅरेजांत अशा वेळी बाहेरचा नट ढिला करून देतात. गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. बाबांना ह्याची चीड होती. नट ढिला केल्याने ब्रेक दुरुस्त होत नाही, नुसता उशिरा लागतो, आणि पावसात उशिरा लागणाऱ्या ब्रेकने माणसं जातात, असं ते म्हणायचे. मलाही तसंच वाटतं.

ते अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. तीस वर्षं लोकलने गेले आणि आले. ही शंभर सीसीची गाडी त्यांनी घेतली ती स्टेशनसाठी आणि शेतासाठी. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आल्यापासून चार स्ट्रोकच्या ह्या हलक्या गाड्या गावोगाव पोचल्या होत्या. आमच्या आळीत त्या मानाने उशिराच आली. 26 जुलै 2005 ला उल्हासचं पाणी गावात शिरलं तेव्हा ती ॲक्सलच्या वर बुडाली होती. दुसऱ्या दिवशी घराघरांतून गाळ उपसणं चाललं होतं. बाबांनीही उपसला, पण संध्याकाळी उजेड असेतोवर दोन्ही चाकं उघडून ठेवली. ओला ड्रम तसाच राहिला तर लायनर गंजाने त्याला धरून बसतो. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर माणसांसकट पाण्यात उभी राहिली, तेव्हाही पाणी ओसरल्यावर आमच्या अंगणात हेच दृश्य होतं. पुराशिवायची वर्षं असोत वा पुराची, मे महिन्याच्या शेवटी दोन्ही चाकं खाली यायचीच.

गेल्या मेमध्ये त्यांच्याने खाली बसवत नव्हतं. जूनच्या अखेरीस ते गेले.

पावसाळाभर गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. तुळशीचं लग्न झाल्यावर मी ती बाहेर काढली. ढकलली तर मागचं चाक फरपटत आलं. रॉडचा नट काढून रॉड आर्मपासून सोडवला आणि पॅडल दाबून पाहिलं. ते मोकळं खालीवर होत होतं, म्हणजे दोष पॅडलच्या पिनेत नव्हता. आर्म मात्र दोन्ही हातांनीही हलेना.

चाक काढलं, प्लेट बाहेर घेतली. आधी ओलं फडकं. ड्रममधली धूळ कधी फुंकायची नाही, हा घरातला नियम होता. पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. दोन्ही शू एकदम बाहेरच्या अंगाला दुमडून काढले. लायनर अजून भरपूर होते. आर्मचा बोल्ट सोडवला, तेव्हा कॅमच्या तोंडावर आणि आर्मवर कानशीने ओढलेली एक सरळ बारीक रेघ दिसली. कंपनीची खूण शेजारी होतीच. पण बाबांना दुसऱ्याच्या खुणेवर काम सोडवत नसे.

लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू ठोकत कॅम बाहेर आला. त्याच्यावर काळंकुट्ट, वाळून टणक झालेलं ग्रीस होतं. हे त्यांनी लावलेलं. कारण ते कसं लावायचे ते मला माहीत आहे. बामच्या रिकाम्या बाटलीत ग्रीस असायचं, आणि ते लावायला उदबत्तीची उरलेली काडी. बोटाने कधीच नाही. बोटाने जास्त लागतं. जास्तीचं ग्रीस तापून लायनरवर उतरलं की ब्रेक गेलाच. कॅमला फक्त ओलसर करायचं. दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये, गुडघे दुखत असताना, त्यांनी काडीने तो ओलसर केला होता. मग दोन पावसाळे गेले, त्यात चिखल कालवला गेला, आणि तेच ग्रीस आता कॅमला फिरू देत नव्हतं.

मी ते हातात घेऊन बराच वेळ बसले. त्यांचे कपडे आम्ही देऊन टाकले होते. चष्मा कपाटात आहे, पण तो नुसता वापरलेला. हे त्यांनी केलेलं होतं, त्यांच्या हाताने, हिशोबाने, पुढचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून. आणि गाडी चालायला हवी तर मला ते पुसायलाच हवं होतं. न पुसता ठेवलं असतं तर त्यांनीच मला बोल लावला असता.

रॉकेल आता घरात नसतं. डिझेलमध्ये भिजवलं, पॉलिश पेपरने घासलं, भोकातून कागदाची सुरळी फिरवली. कॅम स्वतःच्या वजनाने आत सरकून बोटाने फिरायला लागला तेव्हा थांबले. बामच्या बाटलीत तळाशी ग्रीस होतं, पण तेही आटलेलं. नवीन आणलं. लावलं मात्र उदबत्तीच्या काडीने.

शेवटचा नट आवळताना दोन माणसं लागतात. ॲक्सलचा नट ढिला असतानाच पॅडल दाबून धरायचं, म्हणजे शू ड्रममध्ये बरोबर मध्यावर बसतात, आणि तसं दाबलेलं असतानाच नट आवळायचा. लहानपणी हे माझं काम. मी दोन्ही हातांनी पॅडलवर रेलायची आणि बाबा "सोडू नको, सोडू नको" म्हणत पाना मारायचे. दादा पुण्याला असतो. मी आईला हाक मारली आणि कसं धरायचं ते सांगायला लागले.

आई पदर खोचून खाली बसली, पॅडल पुरतं दाबलं आणि म्हणाली, "ठाऊक आहे. तू व्हायच्या आधी शेजाऱ्यांच्या गाडीला मीच धरायची. तुझा बाप तेव्हाही असाच ओरडायचा." आमची गाडी यायच्या आधी बाबा आळीतल्या लोकांचे ब्रेक करून द्यायचे, हे मला माहीत नव्हतं. नट आवळून झाला तरी तिने पॅडल सोडलं नव्हतं. ती सांगतच होती, कुणाची गाडी, कुठल्या झाडाखाली, आणि पैसे घेत नाहीत म्हणून कुणी तांदळाचं पायली-दीड पायलीचं गाठोडं कसं दारात ठेवून गेलं.

पॅडलला बोटभर ढील ठेवली, नेरळपर्यंत जाऊन आले आणि पालथा हात लावून पाहिला. ड्रम गार होता.

पुढचं चाक मी उघडलेलं नाही. तो ब्रेक नीट लागतो आणि नीट सुटतो, त्यामुळे घाई नाही. आत दोन वर्षांपूर्वीचंच ग्रीस आहे. पावसाआधी ते काढावं लागेल. मेअखेरपर्यंत वेळ आहे.