लॅपटॉप घरी ठेवायचा तर

लॅपटॉपविना चालणारा डीजे कंसोल घेताना स्क्रीन केवढी आहे हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो, लाइट गेली तर काय होतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. डिझेल भरायला जनरेटर बंद केला किंवा कुणाचा पाय अडकून एक्स्टेंशनची पिन निघाली, तरी लॅपटॉप जागा असतो आणि गाणं कुठे थांबलं ते त्याला ठाऊक असतं. एकटा कंसोल मात्र तिथल्या तिथे बंद पडतो. वीज आली की तो पुन्हा सुरू व्हायचा, पेनड्राइव्ह वाचायचा, मग आपण गाणं शोधून लावायचं, यात मिनिटभर सहज जातं. त्यात अॅम्प आधीच चालू असतील, तर कंसोल सुरू होताना बसणारा दणका थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो. म्हणून लाखाच्या कंसोलबरोबर छोटा यूपीएस घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यावर अॅम्प लावायचे नाहीत, फक्त कंसोल. असा कंसोल एखाद्या पंख्यापेक्षा फार वीज खात नाही, त्यामुळे साधा यूपीएससुद्धा जनरेटर पुन्हा सुरू होईपर्यंत निभावून नेतो.

लॅपटॉप काढून टाकला तरी त्याची कामं संपत नाहीत. बॅटरी, गाण्यांची शोधाशोध, ठेक्याचं मोजमाप, ऐनवेळी इंटरनेटवरून गाणं घेणं, ही सगळी कामं कुणाच्या तरी वाट्याला येतातच. कुठला कंसोल यातली किती कामं स्वतः करतो आणि किती आपल्यावर टाकतो, हे ओळखता आलं की निवड जवळजवळ झालीच.

ही कामं यंत्रांकडे हळूहळू आली. पायोनियरचा सीडीजे-1000 हा प्लेअर 2001 साली आला आणि सीडीला रेकॉर्डसारखं हाताने मागेपुढे करता येऊ लागलं. 2009 च्या सीडीजे-2000 मध्ये पेनड्राइव्ह लागला आणि घरी संगणकावर रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये केलेली तयारी थेट प्लेअरवर दिसू लागली. पण दोन प्लेअर आणि वेगळा मिक्सर हे क्लबचं गणित होतं. टेम्पोतून फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना खरा उपयोगी ठरला तो 2015 चा एक्सडीजे-आरएक्स. दोन डेक, मधे मिक्सर, वर स्क्रीन, सगळं एकाच पेटीत. 2019 मध्ये डेनॉनचा प्राइम 4 आला. त्यात आत हार्डडिस्क बसवायची सोय होती आणि नव्या गाण्याचा ठेका तो स्वतः मोजून ठेवत होता. घरी संगणक नसलेल्या पोरांना ही गोष्ट किती मोलाची आहे, ते शहरातल्या दुकानदाराला पटकन कळत नाही.

आता गाण्यांकडे येतो, कारण कंसोल चांगला की वाईट हे मांडवात तिथेच ठरतं. हळदीत एक मावशी येते आणि म्हणते, "बाळा, झिंगाट लाव." लॅपटॉपवर चार अक्षरं टाइप केली की गाणं समोर. कंसोलवर इवल्या कळांचा टच कीबोर्ड असतो आणि फाइलचं नाव कुणी 'झेड' ने लिहिलेलं, कुणी 'झेडएच' ने, कुणी शेवटी दोन 'ए' लावून. स्पेलिंग जुळलं नाही तर कंसोल म्हणणार, गाणं नाही. आणि मावशी समोर उभी. म्हणून आदल्या रात्रीचं काम मला वाजवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक गाण्याचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं, आणि कॉमेंटच्या रकान्यात हळद, वरात, मेहंदी, एन्ट्री असं काय ते टाकायचं. याद्या लहान ठेवायच्या. रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, तेव्हा पावणेदहापासून वाजवायच्या गाण्यांची वेगळी यादी हाताशी हवी. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. 320 केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण 12 एमबीचं असतं, म्हणजे 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर पाच हजार गाणी मावतात. नावं धड नसलेली पाच हजार गाणी ऐन वरातीत कसली कामाची? नीट लावलेली सहाशे पुरतात.

देवनागरीत नावं लिहिणाऱ्यांनी एक तपासावं. सगळेच कंसोल देवनागरी नीट दाखवतील असं धरून चालू नका. नुसते चौकोन उमटले तर सगळी यादी निकामी.

ठेक्याच्या मोजमापाचंही तसंच. आजची बहुतेक गाणी संगणकाच्या ठोक्यावर बनतात, त्यांचा वेग पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच राहतो. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतली गाणी वाजवणाऱ्यांनी समोर बसून वाजवली. गाणं रंगात आलं की ढोलकीवाला पुढे सरकतो, ठेका हळूच चढतो. अशा गाण्यावर यंत्राने एकाच वेगाची जाळी टाकली, तर सुरुवातीला जुळलेलं सिंक दुसऱ्या कडव्यात सुटतं. रेकॉर्डबॉक्समध्ये 'डायनॅमिक' मोजणी असते, ती अशा गाण्यांसाठीच वापरावी. सहा मात्रांच्या ठेक्यातल्या लावणीत आणखी एक अडचण. यंत्राने मात्रा चुकीच्या मोजल्या की चाराचा ऑटो-लूप लंगडतो, आणि नाचणाऱ्याच्या पायाला ते लगेच कळतं. मग हाताने लूप धरावा लागतो. त्यामुळे 'लूप इन' आणि 'लूप आउट' ही बटणं ठसठशीत, वेगळी आणि अंधारात बोटाला सापडणारी असलेला कंसोल मला जास्त भावतो, मग त्याची स्क्रीन थोडी लहान असली तरी चालेल. पिच फेडरही लांब हवा. सिंक बंद करून कानाने वेग जुळवणं ही आपल्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं मी मनापासून मानतो. हेडफोनमध्ये दोन ढोलक्या वेगवेगळ्या पळत असतात, बोटाच्या टोकाने फेडर केसभर सरकतो, आणि एका क्षणी त्या एक होतात. नव्या मुलांनी स्क्रीन झाकून हा सराव करावा.

इंटरनेटवरून थेट गाणी वाजवणारे कंसोल आता मिळतात. घरी, हॉटेलात ते छान. पण हजार माणसं एका मैदानात मोबाइल काढून व्हिडिओ करत असतात तेव्हा नेटवर्क बसतं. त्या भरवशावर लग्नाची सुपारी घेऊ नये.

मागची बाजूही बघा. मास्टर आउटला एक्सएलआर हवंच. मांडवात कंसोलपासून अॅम्पपर्यंत लांबलचक केबल जाते, शेजारून लाइटिंगच्या वायरी गेलेल्या असतात. आरसीएवरून तेवढं अंतर नेलं तर गुणगुण येते. माइकची दोन इनपुट आणि त्यांना स्वतंत्र ट्रेबल-बेस हवा, कारण आपल्याकडे पाहुण्यांचे सत्कार, आहेर, नावं पुकारणं हे सगळं त्याच टेबलावरून होतं. टॉकओव्हर असेल तर बोलणाऱ्याचा आवाज आला की गाणं आपोआप खाली येतं.

आणि गुलाल. मिरवणुकीत तो फेडरच्या फटीत शिरतो आणि मग फेडर खरखरतो. फेडर कुठे बदलून मिळतो, किती दिवसांत, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावं. मेच्या उन्हात काळी पेटी तापते, स्क्रीन दिसेनाशी होते, म्हणून सावलीचा पत्रा किंवा छत्री टेम्पोत कायम असावी.

पेनड्राइव्हचा घोळ नव्या मुलांना फार छळतो. बाजारातला 64 जीबीचा बहुधा एक्सफॅट असतो, जुने सीडीजे फॅट32 मागतात. शिवाय 2023 च्या ओपस-क्वाड या कंसोलपासून रेकॉर्डबॉक्सची यादी नव्या पद्धतीने लिहिली जाऊ लागली. जुन्या सीडीजेसाठी भरलेला ड्राइव्ह तो कंसोल तसाच वाचत नाही. दुसऱ्याच्या सेटवर वाजवायचं असेल तर दोन्ही पद्धतींनी भरून न्यावा, आणि तशाच भरलेल्या दुसऱ्या ड्राइव्हशिवाय घर सोडू नये.

माझा कौल असा. घरी संगणक आहे, अधूनमधून क्लबमध्येही वाजवायचं आहे, तर पायोनियरच्या घराण्यातला दोन चॅनेलचा कंसोल घ्या. त्यातला एक्सडीजे-आरएक्स3 साधारण नऊ किलोचा आहे, एकट्याने उचलता येतो. घरी संगणक नाही, गाणी पेनड्राइव्हवरच येतात आणि जातात, तर स्वतः ठेका मोजणारा डेनॉन बरा. अंगणातल्या छोट्या हळदीच करायच्या असतील तर प्राइम गो किंवा ऑम्निस-ड्युओसारखा बॅटरीवर चार-पाच तास चालणारा बघा, त्याला यूपीएसही लागत नाही. चार चॅनेलच्या मोहात लग्नवाल्यांनी पडू नये. ते पैसे चांगल्या केबलींना आणि यूपीएसला घाला.

दुकानात जाताना आपला पेनड्राइव्ह न्या. त्यात एक कोंडक्यांचं गाणं, एक लावणी आणि देवनागरीत नाव लिहिलेली एक फाइल असू द्या. तिन्ही लावा, माइक जोडून बोलून बघा, मग पिन ओढून पुन्हा लावा आणि घड्याळ बघा. दुकानदार एवढं करू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.