दमलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये



गळ्यात पदक घातलेला माझा फोटो मुलीने टाकला आणि तुम्ही सगळ्यांनी इतकं विचारलं, की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. जरा लांब होईल. चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी जिंकलो वगैरे नाही. माझ्या वयोगटात माझ्यामागे मोजून तिघे होते. ते पदक स्पर्धा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळतं.

स्पर्धेचं नाव ट्रायथलॉन, ऑलिंपिक अंतराची. दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच चाळीस किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरलं की दहा किलोमीटर धावायचं. मध्ये विश्रांती नाही. बूट घालायला लागलेला वेळसुद्धा घड्याळात धरतात. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो याच अंतरांचा, म्हणून हे नाव. आपल्या हिशेबाने सांगायचं तर बालाघाटहून सायकलने निघून गोंदिया गाठायचं आणि तिथे चहाही न घेता पळत सुटायचं. सायकल आपल्याला येते, पळणं जमवता येतं. माझी अडचण आधीच्या दीड किलोमीटरची होती. सत्तेचाळीस वर्षं वैनगंगेच्या काठी राहूनही मला पोहता येत नव्हतं.

आमच्या घराला जे ओळखतात त्यांना कारण माहीत आहे. 1986 ची धुळवड. दादा तेव्हा अकरावीत होता, मी तिसरीत. सकाळपासून रंग खेळून, ढोलावर नाचून दुपारी तो मित्रांबरोबर रंग धुवायला नदीवर गेला. मार्चात आपली नदी गुडघाभर दिसते, पण डोह असतात तेवढेच खोल. दादाला पोहता येत होतं. चांगलं येत होतं. तरी तो आला नाही.

त्यानंतर आमच्या घरात रंग आला नाही आणि नदीचं नाव निघालं नाही. गणपती विसर्जनालाही आई मला घाटाच्या पायऱ्यांवरच उभं ठेवायची. बाबा गेले, माझं लग्न झालं, मुलं झाली, पण नियम तोच राहिला.

चार वर्षांपूर्वी माझा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट 8.1 आला. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं. फिरण्याचं पळणं झालं, गुडघा दुखला म्हणून सायकल आली. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने एक दिवस फोनवर म्हटलं, "बाबा, दोन गोष्टी येतात तुम्हाला, तिसरी शिकून घ्या. कोल्हापूरला ट्रायथलॉन असते." मी हसून सोडून दिलं. पण ते डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास ऑफिसच्या कामाने दोन महिने नागपूरला राहावं लागलं. तिथे संध्याकाळी पूलवर जायला लागलो. सात-आठ वर्षांच्या पोरांबरोबर काठ धरून पाय मारायला शिकलो. पहिले पंधरा दिवस नाकात पाणी आणि मनात दादा. पण शिकलो. घरी बायकोला सांगितलं, आईला नाही.

परत आल्यावर खरी पंचाईत झाली. पूलमध्ये खाली रेघ असते, ती बघून सरळ जाता येतं. तलावात किंवा नदीत खाली काहीच दिसत नाही. दर आठ-दहा हातांनी मान वर काढून लांबची खूण बघावी लागते, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. त्याची सवय नदीतच होणार होती. गावाबाहेर मासेमारी करणाऱ्या एका ढीमर काकांना विचारलं. ते डोंगा घेऊन माझ्या बाजूने चालायचे आणि मी पोहायचो. पहिल्या दिवशी माझी धडपड बघून म्हणाले, "भैया, इतना हाथ काहे मार रहे हो? किसी से झगड़ा है क्या?"

झगडा होता खरा. आईला मी सांगायचो की सायकलिंगला जातोय. टॉवेल सॅकमध्ये लपवायचो, चड्डी ऑफिसच्या बाथरूममध्ये वाळवायचो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, आणि शाळा बुडवणाऱ्या पोरासारखं वागत होतो.

पकडलं तिनेच. एक दिवस ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तुझ्या अंगाला नदीचा वास येतोय."

मी गप्प. तीही गप्प. मग नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वेळेवर चहा द्यायची, जेवण वाढायची, औषधाची आठवण बायकोकरवी द्यायची. पण माझ्याशी शब्द नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी स्पर्धेचं नाव काढून घ्यायचं ठरवलं आणि ते सांगायलाच तिच्याजवळ जाऊन बसलो. ती सुपात चिन्नोर निवडत होती.

मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, "त्या तुमच्या खेळात पाण्यात पहिलेच काहून जायचं? शेवटी काहून नाही?"

म्हणजे सुनेकडून तिने सगळं काढून घेतलं होतं. मी जे वाचलं होतं ते सांगितलं. अमेरिकेत सॅन दिएगोला 1974 साली ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा पोहणं शेवटी होतं. पोहता पोहता अंधार पडला आणि लोकांना मोटारींचे दिवे पाण्यावर लावावे लागले. पुढे पोहणं पहिलं आलं. हात-पाय ताजे असताना पाण्यातून निघून जावं. जमिनीवर दमलं तर माणूस बसतो, पाण्यात बसता येत नाही. दमलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये.

आईचे हात थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुझा दादा सकाळपासून नाचला होता. उपाशी होता. आदल्या दिवशीची पोळी खाऊन जा म्हटलं, तर आल्यावर खातो म्हणाला."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्या दिवसाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं. पोळीची गोष्ट मला माहीतच नव्हती. ती इतकी वर्षं त्या पोळीचा दोष स्वतःकडे घेऊन बसली होती, की नदीला देत होती, मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

मग सूप उचलून आत जाताना म्हणाली, "जायचं तर खाऊन जात जा."

पुढचं थोडक्यात. सायकलची चाकं काढून ती पोत्यात शिवली, गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढवली आणि एक दिवस-एक रात्र उलटून कोल्हापूरला उतरलो. अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. स्पर्धा राजाराम तलावावर, शिवाजी विद्यापीठाजवळ. पहाटे अंधारात सायकल लावली, पायाला वेळ मोजायची चिप बांधली आणि उजाडताना पाण्यात उतरलो.

तीनशे मीटरवर कुणाचा तरी पाय तोंडावर बसला. गॉगलमध्ये पाणी शिरलं. श्वास घ्यायला गेलो तर पाणीच आलं. खाली काळं, बाजूला काठ नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी दादाच दिसला. बचावाच्या होडीला हात केला आणि तिची कड धरली. नियमाप्रमाणे होडी धरून थांबता येतं, फक्त तिने पुढे ओढत न्यायचं नाही. होडीवरच्या पोराने विचारलं, "काका, बाहेर काढू?" मी हो म्हणणारच होतो. पण खोकता खोकता ढीमर काका आठवले. किसी से झगड़ा है क्या? चार श्वास घेतले, गॉगल झटकला आणि हात सोडला. बाकीचं अंतर हळूहळू, भांडण न करता गेलो. 51 मिनिटं लागली.

सायकलवर 1 तास 47 मिनिटं. वारा समोरून होता, बाकी सांगण्यासारखं काही नाही. धावताना मात्र पाय लाकडाचे झाले. सातव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि चालायला लागलो. रस्त्याकडेला उभं असलेलं एक पोरगं ओरडलं, "भावा, आलं की संपत!" काही संपत आलं नव्हतं, तीन किलोमीटर बाकी होते. तरी पळालो. कपडे-बूट बदलण्याचा वेळ धरून एकूण 4 तास 9 मिनिटं.

पदक गळ्यात घालून पहिला फोन आईला केला.

"पाणी थंड होतं का?" तिने विचारलं.

"नाही गं."

"खाऊन गेला होतास ना?"

"हो. दोन केळी आणि तू दिलेली दशमी."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि फोन सुनेकडे दिला.

मंडळी, एवढं लिहायचं कारण पदक नाही. आपण नदीकाठची माणसं, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलांना पाण्यापासून लांब ठेवणं हीच काळजी समजतात. आमच्या घरानेही तेच केलं आणि त्याचं कारण मी समजू शकतो. पण मुलं कधी ना कधी पाण्यात जातातच. त्यांना नीट शिकवा, आणि ज्यांना येतं त्यांनाही सांगा: धुळवडीला, विसर्जनाला, नाचून-दमून, उपाशीपोटी पाण्यात उतरू नका. दादाला पोहता येत होतं.

माझा धाकटा आता चौदा वर्षांचा आहे. सुट्टीत नागपूरला मावशीकडे राहून शिकला. रविवारी आम्ही दोघं काकांच्या डोंग्याबरोबर नदीवर जातो. निघताना आजी त्याला समोर बसवून खायला घालते, वर डब्यात पोळी बांधून देते. आणि आम्ही परत येईपर्यंत ओट्यावरून हलत नाही. तेवढं राहणारच.