टिपणवहींतील नऊ स्थळें

प्रवासांत सोबती कसा असावा, याविषयीं आमच्या शास्त्रकारांनीं कांहीं लिहून ठेविलें असल्यास तें आमच्या पाहण्यांत नाहीं. लिहिलें असेल, तर त्याच्या हातीं घड्याळ नसावें, हें कलम त्यांत अवश्य असेल, असें मात्र आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

गेल्या मार्गशीर्षांत आमचे मेहुणे पुण्यांतील आमच्या घरीं आले व म्हणाले, "भावोजी, येत्या शनिवारीं खानदेश पाहून टाकूं. एका दिवसांत आटोपतो." पाहून टाकणें हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. त्यांनीं टिपणवही उघडून दाखविली. तींत नऊ स्थळें क्रमवार मांडलेलीं होतीं व प्रत्येकापुढें मिनिटें लिहिलीं होतीं. शेवटची ओळ अशी : "जळगांव. मावशी. पंधरा मिनिटें." या बहीणभावंडांची आई तीं लहान असतांनाच वारली. पुढें या मावशींनींच दोघांस वाढविलें. त्या ओळीवर आमची नजर क्षणभर थबकली. पण दुसऱ्याच्या वहींत ढवळाढवळ नको, म्हणून आम्ही गप्प बसलों. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आमच्या घरांतून येणें शक्य नव्हतें. त्यांनीं मावशींसाठीं मेतकुटाचा डबा तेवढा बांधून दिला.

रात्रीच्या गाडीनें निघून पहाटे धुळ्यास उतरलों. पांझरेच्या तीरीं एकवीरा देवीचें दर्शन घेतलें. आम्ही प्रदक्षिणेस वळलों, तोंच मेहुण्यांनीं वहींत पहिली खूण केली. धुळ्याच्या जुन्या पेठेंतील गल्ल्या नंबरांनीं ओळखल्या जातात, हें कळतांच त्यांस परमानंद झाला. "गांव असावें तर असें!" ते उद्गारले.

राजवाडे संशोधन मंडळांत शिरल्यावर मात्र आमचीं पावलें जड झालीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं याच धुळ्यांत निवर्तले, आणि पुढच्याच महिन्यांत हें मंडळ स्थापन झालें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. अखेर ते बावीस झाले. त्यांसाठीं हा पुरुष गांवोगांव हिंडला. माळ्यावर वाळवीच्या तोंडीं पडलेलें दप्तर हुडकावें, मालकाची मनधरणी करावी, नकार मिळाल्यास पुन्हां जावें, हाच त्यांचा संसार. "जेथें त्यांना पोंचावयास उशीर झाला असेल, तेथले कागद गेले ते गेलेच," असें आम्ही म्हणालों. "खरें आहे," मेहुणे म्हणाले, "चला, वीस मिनिटें झालीं."

समर्थ वाग्देवता मंदिरांत समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमाचें फळ आहे. मठामठांतून मिळविलेलीं रामदासी हस्तलिखितें येथें जपलीं आहेत. तेथून निघालों तों तुरुंगाची भिंत आली. मोटार थांबली नाहीं, केवळ मंदावली. कारण वहींत "तुरुंग, बाहेरून" असें होतें. १९३२ सालीं याच भिंतीच्या आड विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, असे अठरा रविवार आणि अठरा अध्याय. तीं ज्या साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, ते तेथें विनोबांसारखेच बंदिवान होते. बोलणारा थोर खराच. पण त्या दिवसांत कोणी लेखणी घेऊन बसलें नसतें, तर 'गीताप्रवचनें' हा ग्रंथ आज घरोघर कोठून असता?

साने गुरुजींचा धागा धरूनच आम्ही अमळनेरास गेलों. तेथील प्रताप हायस्कुलांत ते १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. १९१६ सालीं स्थापन झालेलें तत्त्वज्ञान मंदिरही याच गांवीं. त्याच्यापुढें वहींत दहा मिनिटें होतीं. "तत्त्वज्ञानास दहाच?" असें आम्हीं विचारलें. "जेवण त्यांतच बसवायचें आहे," असें उत्तर आलें. मग शेवभाजीनें तोंड पोळून घेऊन आम्ही निघालों. बालकवींचें जन्मगांव धरणगांव हें मोटारीच्या खिडकींतून पाहिलें. फुलाझाडांजवळ तासन् तास रमणाऱ्या त्या कवीस आमची ही तऱ्हा पाहून काय वाटलें असतें, तें न बोललेलें बरें.

जळगांवीं पोंचेपर्यंत ऊन उतरलें होतें. गांवाबाहेरच्या टेकडीवर २०१२ सालीं उघडलेलें गांधीतीर्थ आहे. दालनांमागून दालनें, आणि त्यांतून एका माणसाचें आयुष्य उलगडत जातें. तें पाहण्यास अर्धा दिवस हवा. आम्हांस अर्धा तास मिळाला. पायीं चालून देश पाहणाऱ्या महात्म्याचें चरित्र आम्ही जवळजवळ धांवत पाहिलें.

आठवें स्थळ म्हणजे जुन्या जळगांवांतील चौधरी वाडा. आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई लग्न होऊन या घरीं आल्या. त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना, घरांत दळतांना त्यांच्या मुखांतून गाणीं निघत. पुत्र सोपानदेव व त्यांचे एक भाऊबंद यांनीं तीं जमेल तशीं टिपून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. आज जळगांवचें विद्यापीठ त्यांच्या नांवाचें आहे.

वाड्यांत मेहुणे उगेच उभे राहिले. वही बंद होती. थोड्या वेळानें ते हलक्या आवाजांत म्हणाले, "आई आणि मावशी पहाटे दळायला बसत. आई गात असे, एवढें आठवतें. काय गात असे, तें आठवत नाहीं."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. मोटारीकडे वळतांना त्यांनीं घड्याळ पाहिलें नाहीं, हें मात्र आम्हीं पाहिलें.

मावशी ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या. वय चौऱ्यायशी, दृष्टि अधू, स्मरण बरें. "किती रोडावलास रे!" असें म्हणून त्यांनीं भाच्याच्या तोंडावरून हात फिरविला. त्यांचें वजन चांगलें ऐंशी किलो आहे. सुनेनें वांग्याचें भरीत व कळण्याची भाकरी वाढली. पंधरा मिनिटें भरीत निवण्यांतच गेलीं. मग मेहुण्यांनीं विचारलें, "मावशी, तूं आणि आई जात्यावर काय ग म्हणत होतां?"

मावशी हंसल्या. "आतां कसलें रे जातें! तें तुळशीपाशीं पालथें पडलें आहे." पण हळूहळू त्या गाऊं लागल्या. हात आपोआप खुंटा फिरविल्यासारखा फिरूं लागला. तो थांबला कीं शब्दही अडत. मेहुण्यांनीं वही मागच्या बाजूनें उघडली व लिहावयास घेतलें. रात्रीची आगगाडी केव्हां निघून गेली, तें कोणास कळलें नाहीं. मध्यरात्रीपर्यंत सतरा ओव्या झाल्या. अठरावी खास त्यांच्या आईची. पण तिचा पहिला चरण म्हणून मावशी थांबल्या. पुनः पुनः हात फिरवून पाहिला. "गेली रे," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांपूर्वीं आला असतास तर होती." मेहुण्यांनीं तो एकच चरण लिहिला व खालीं जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशीं पुण्यास परत आल्यावर त्यांनीं वही बहिणीच्या हातीं दिली. ती त्यांच्याहून पांच वर्षांनीं वडील. तिनें चष्मा लावून सतराही ओव्या वाचल्या. अठरावीपाशीं आली आणि तिसऱ्या माणसाविषयीं बोलावें इतक्या सहजपणें उरलेली ओवी म्हणून मोकळी झाली. मेहुण्यांच्या हातांतील चहा तसाच राहिला.

"तुम्हांला येत होती, मग कधीं बोललां कशा नाहीं?" आम्हीं विचारलें.

"कोणीं विचारलें होतें?" ती म्हणाली.

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. धुळें-जळगांव पाहून टाकणारे आमचे मेहुणे. पण बत्तीस वर्षें एका घरांत राहून जें आम्हीं पाहिलें नाहीं, त्याचा दोष कोणाच्या घड्याळास द्यावा? मेहुण्यांनीं मुकाट्यानें कोरी जागा भरली. मग वही आम्हीं मागून घेतली व तिच्या पुढ्यांत बसलों. बाहेर वाचकांच्या घरांतूनही कोणी वडीलधारी बाई अशीच न विचारलेली बसली असेल. तिच्यासाठीं आगगाडी पकडावी लागत नाहीं.