चौसष्टावा भाग

होरस देवाच्या डोळ्याची गोष्ट मी अनेक वर्षे चुकीची सांगितली. भूमिती श्रेढी शिकवताना मी फळ्यावर प्राचीन इजिप्तचा तो पवित्र डोळा काढत असे. सेथ देवाने तो फोडला, त्याचे सहा तुकडे झाले. पहिला १/२, मग बुबुळ १/४, भुवई १/८, असे करत शेवटचा १/६४. बेरीज ६३/६४. उरलेला चौसष्टावा भाग थॉथ देवाने जादूने भरला. वर्ग रंगून ऐकायचा आणि मला तेवढे पुरे वाटायचे. याला पुरावा काय, हे मी कधी तपासलेच नाही.

त्यातले अपूर्णांक खरे होते. धान्याचे माप हेकत, सुमारे ४.८ लिटरचे. त्याचे निम्मे, पाव असे १/६४ पर्यंतचे भाग लेखनिक खास चिन्हांनी लिहीत. ही चिन्हे म्हणजे डोळ्याचेच अवयव, ही कल्पना मात्र इजिप्त-अभ्यासक गेऑर्ग मोलर यांनी १९११ मध्ये मांडली आणि गार्डिनर यांच्या १९२७ च्या प्राचीन इजिप्शियन भाषेच्या व्याकरणामुळे ती सर्वत्र रुजली. गणिताचे इतिहासकार जिम रिटर यांनी २००२ मध्ये जुनी हस्तलिखिते पुढे ठेवून दाखवले की, त्यांतली चिन्हे डोळ्याच्या भागांसारखी दिसतच नाहीत.

हे वाचल्यावरही मी गोष्ट सोडली नाही. ‘असे म्हणतात’ एवढे जोडून ती सांगत राहिलो. आधीची चूक अज्ञानातून झाली होती. ही मी जाणूनबुजून केली, म्हणून ती मला जास्त मोठी वाटते.

या नादात डोळ्याचा खरा अर्थ मी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवलाच नाही. सेथशी झालेल्या झुंजीत जखमी झालेला डोळा थॉथने बरा केला आणि होरसने तो आपल्या मृत पित्याला, ओसायरिसला, अर्पण केला. म्हणून चार हजार वर्षांहून जुन्या पिरॅमिड-लेखांत मृत राजाला वाहिलेल्या भाकरीला आणि बिअरलाही ‘होरसचा डोळा’ म्हटले आहे. ममी करताना पोटावर दिलेला छेद झाकायला या डोळ्याचे चिन्ह असलेला पत्रा ठेवत. तानिसला सापडलेल्या राजा सुसेन्नेस पहिला याच्या ममीवरचा तसा पत्रा सोन्याचा आहे. देंदेराच्या मंदिराच्या छतावर चौदा देव एकेक पायरी चढत चंद्ररूपी डोळ्याकडे जातात, कारण क्षीण झालेला चंद्र पुन्हा भरतो.

या सगळ्यांत भर आहे तो दुखावलेले पुन्हा धड होण्यावर आणि जिवंतांनी मृतांना देण्यावर. मी मात्र विद्यार्थ्यांच्या मनात कायमचा अपुरा राहिलेला डोळा ठसवला. आता श्रेढी शिकवायला मी कागदाच्या घड्या वापरतो आणि होरसची कथा अपूर्णांकांशिवाय सांगतो. माझ्याकडून जुनी गोष्ट ऐकलेल्यांपैकी कुणी आज शिक्षक असतील, तर त्यांना एवढीच विनंती: ती पुढे सांगू नका. चूक माझी होती.