अपडेट नको म्हणणारा

अपडेट म्हणजे जुनं यंत्र मारायची कंपन्यांची युक्ती, हे मी इतक्यांदा ऐकवलं होतं की घरात कुणाचा मोबाइल अडखळला तरी सगळे माझ्याकडे बघायचे. माझ्याकडे पुरावाही होता. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूलच केलं होतं की जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. बॅटरी थकल्यावर फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून ते केलं होतं, आणि फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड ठोकला तो ही गोष्ट ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. एवढं सगळं वाचूनही मी बॅटरीचा भाग गाळूनच सांगायचो.

म्हणून मे महिन्यात, अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, माझ्या लॅपटॉपनं रात्रीतून मोठं अपडेट घेतलं आणि सकाळी त्याचा तळ मांडीला चटके देऊ लागला, तेव्हा रागापेक्षा आनंदच जास्त झाला. बघा, मी म्हणत नव्हतो? आठवडाभर तापलेलं यंत्र वापरत मी हेच सांगत फिरलो. मग ते बंद पडायला लागलं.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाला मी फर्मावलं, ‘अपडेट काढून टाक.’ तो वाद घालत बसला नाही. टास्क मॅनेजर उघडून त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोठ्या अपडेटनंतर यंत्र सगळ्या फायलींची यादी नव्यानं करतं, अँटिव्हायरस सगळं तपासतो, तेव्हा एखाद-दोन दिवस तापणारच, असं त्यानं सांगितलं. पण ते काम केव्हाच संपलं होतं. सीपीयू पाच-सहा टक्क्यांवर होता आणि पंखा मात्र घोंगावत होता.

‘काका, आत कोणी काम करतच नाही. मग ताप कुठून येतोय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं स्क्रू काढले, तळाचं झाकण उचललं, पंखा सोडवला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा दाट, नमद्यासारखा थर बसला होता. चिमट्यानं ओढला तर अख्खा निघून आला. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला. करड्या रंगाचा होता, पण त्यात लाल तंतू होते. मी ते लगेच ओळखले. माझ्या गादीवरच्या चादरीचे. कित्येक वर्षं रोज रात्री त्याच चादरीवर लॅपटॉप ठेवून, त्याची हवा घ्यायची भोकं गादीत दाबून मी सिनेमे पाहत होतो.

पंख्याची घरघर गेल्या उन्हाळ्यापासूनच होती, हेही तिथेच आठवलं. ती मी कूलरच्या खात्यावर टाकली होती. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी सुकली होती. शिवाय पंखा थंडावा तयार करत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. अकोल्याच्या दुपारी ती हवा कशी असते ते मी काय सांगू? अपडेटनं दोन दिवस जास्तीचं काम दिलं, एवढाच त्याचा दोष. संशय घेण्यात हुशारी आहे असं मी समजत होतो. ती निव्वळ हयगय होती: कंपनीला शिव्या घातल्या की झाकण उघडायची गरज उरत नाही.

पण लाज वाटली ती लॅपटॉपपायी नाही. गेल्या दिवाळीत बहिणीच्या लॅपटॉपवरची अपडेटची सेवा मी स्वतः बसून बंद करून दिली होती. तिचे बँकेचे, जीएसटीचे सगळे व्यवहार त्यावर चालतात. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं १२ मे २०१७ ला विंडोजमधल्या एका भगदाडातून शिरून जगभरातले संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या भगदाडाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं होतं. अडकले ते बहुतेक हे ठिगळ न लावलेले. हेही मला माहीत होतं. आयफोनचं प्रकरणही त्याच वर्षाचं, पण मी सांगत फिरलो ते तेवढंच.

दुकानाच्या पायरीवरूनच बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, चादरीसकट. ती खूप हसली.

‘मग आता चालू करू? आणि तापला तर?’

‘दोन दिवस तापू दे. नंतरही तापला तर उघडून साफ करून घे.’

‘आणि तू म्हणायचास ते?’

‘ते जाऊ दे,’ म्हणालो. कंपन्यांवर माझा आजही पुरता विश्वास नाही, पण ते तिला त्या वेळी सांगितलं नाही.