आईच्या टाचांच्या भेगा

गुडघा बदलून आई धाराशिवला घरी आली. टाके निघाले, जखम कोरडी आहे. तरी माझी नजर तिच्या टाचांच्या भेगांकडे जाते. जंतू तिथूनही रक्तात शिरतात, किडलेल्या दातातूनही. आणि धातूच्या सांध्यावर चिकट थर करून बसले की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. याच जंतूंच्या धास्तीने इंग्लंडात सांधे बदलणारे सर्जन जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात शस्त्रक्रियेच्या खोलीतली हवासुद्धा गाळून घेतली होती. मी घरी तिची साखर तपासते, भेगांना मलम लावते. आईला मात्र नवरात्रात तुळजापूरला अनवाणी जायचंय. जुना नवस आहे. नाही म्हणताना माझा घसा दाटतो. वहाणा घालून निघालेली लेक भवानीला चालेल, असं मला मनापासून वाटतं. आई म्हणते, बघू.